अण्णांनी वाचवलेलं घर

अण्णा आज सकाळी गेले. त्यांनी कोणाचंही घर वाचवलेलं नाही.

आजच हे लिहिणं वाईट दिसेल. दिसू दे.

सकाळपासून सगळ्यांच्या वॉलवर तेच वाचतेय. "घराघरातला मोठा भाऊ." "संस्कारांचा आवाज."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नव्वदच्या दशकात बेंगळुरूत दर रविवारी सकाळी रेडिओवर अण्णांचा कन्नड फोन-इन असायचा. लोक घरातले प्रश्न विचारायचे, अण्णा निकाल द्यायचे. निकाल बहुतेक वेळा सुनेच्या विरुद्ध.

"स्वल्प ॲडजस्ट माडी, मगळे." थोडं जुळवून घे, मुली. भाजीवालेसुद्धा हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणायचे.

मी त्या कार्यक्रमाची टेक्निशियन होते. बावीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच झालेला. के. आर. पुरमहून दोन बस बदलून यायचे.

फोन आधी मी घ्यायचे. एरिया आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून अण्णांना द्यायचे. मग फेडर वर सरकवायचा, की फोनवरचा आवाज थेट ऑन एअर. खाली ओढला की बंद.

अण्णा कामात उत्तम होते, हेही लिहायला हवं. समोर कागद नसायचा. श्वास कधी ऐकू यायचा नाही. माइक कुठे ठेवायचा हे मला कॉलेजने नाही, अण्णांनी शिकवलं.

म्हणूनच राग जास्त आहे.

एका रविवारी जे. पी. नगरहून एका मुलीचा फोन आला. माझ्याच वयाची असेल. घराजवळच्या एसटीडी बूथवरून बोलत होती.

कॉम्प्युटरचा कोर्स झाला होता. इंदिरानगरच्या एका ऑफिसात नोकरी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी जॉइन व्हायचं होतं. सासूबाई नको म्हणत होत्या.

"सासूबाई अण्णांचा प्रोग्राम कधी चुकवत नाहीत," ती म्हणाली. "आत्तासुद्धा रेडिओ लावून बसल्यात. अण्णा हो म्हणाले तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. पण नाव सांगावं लागेल का?"

मी म्हटलं, "नाही. नुसता एरिया पुरे."

चिठ्ठीवर लिहिलं: जे. पी. नगर, नाव नको. "नाव नको" खाली दोन रेघा मारल्या.

तिने प्रश्न कन्नडमध्ये नीट मांडला, घराजवळच्या बूथवरून बोलतेय हेही सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतला. आणि मग एकदम मराठीत, "आपल्यातली दिसतेस. कुणाकडची ग तू?"

तुमच्यापैकी जे इथल्या जुन्या मराठी घरांतले आहेत त्यांना माहीत आहे. लग्नात, देवळात, बस स्टॉपवर, कुठेही एखाद्या मोठ्या माणसाने "कुणाकडची" विचारलं की आपण विचार करत नाही. उत्तर आपोआप येतं. चालायला लागल्यापासूनची सवय.

तिने सासऱ्यांचं पूर्ण नाव सांगितलं. गल्लीसकट.

अण्णांचा प्रश्न आणि तिचं उत्तर यांच्या मधे दोनेक सेकंद होते. माझा हात फेडरवर होता. मी तो ओढला नाही.

का, ते अचूक सांगते. मलाही ऐकायचं होतं, कुणाकडची ते.

"अय्यो, रावांची सून! तुझ्या लग्नात जेवलोय की मी!" अण्णा हसले. "वहिनी, ऐकताय ना? सूनबाई बूथवर उभी आहे. आत बोलवा, कॉफी करायला सांगा. आणि नोकरीचं खूळ तेवढं काढून टाका डोक्यातलं."

निर्माता हसला. साउंडप्रूफ काचेतून ऐकू आलं नाही, पण दिसलं. तीन आठवडे कौतुकाची पत्रं येत होती.

मंगळवारी तिचा फोन आला.

"नाव सांगावं लागणार नाही म्हणाला होतात तुम्ही."

"हो."

"ऑफिसवाल्यांनी दुसरी मुलगी घेतली."

मी म्हटलं, अण्णांना सांगते, पुढच्या रविवारी ते काहीतरी बोलतील.

"नको. आता तुम्ही कोणी काही बोलू नका." फोन ठेवला.

मी अण्णांकडे गेले. ते पान लावत होते.

"मी कुठे नाव घेतलं? तिनेच सांगितलं की."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, अण्णा."

"अग, घर वाचलं तिचं. दहा वर्षांनी आशीर्वाद देईल."

"मी तिला शब्द दिला होता."

"शब्द तू दिलास. मी नाही."

पुढच्या रविवारपासून, "कुणाकडची" आलं की मी फेडर खाली ओढायचे. "टेलिफोनवाल्यांना काय झालंय काय की!" अण्णा ऑन एअर चिडायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी काचेतून माझ्या हाताकडे पाहिलं. चौथ्या रविवारी माझ्या खुर्चीत दुसरा माणूस होता.

अण्णा पुढे कित्येक वर्षं हा किस्सा सत्कारांत सांगत राहिले. वाचवलेल्या घराचा किस्सा.

आज दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. रविवारी शोकसभा आहे.

"तुझ्याकडे कॅसेट आहेत ना त्यांच्या? ती रावांच्या सुनेची गंमत दे की. हॉलमध्ये लावू. लोकांना बरं वाटेल."

"ती मुलगी हॉलमध्ये असली तर?"

"असू दे की! आता मोठी झाली असेल. तीही हसेल."

तुम्ही कोणी तिला विचारलंय?

कॅसेटची एकच कॉपी आहे, माझ्याकडे. संध्याकाळी डेकवर लावली. अण्णांनी तिला प्रश्न विचारला त्याच्या आधी थांबवली. तिथून चार मिनिटं दहा सेकंद पुसली. तपासून पाहिलं. नुसती खरखर आहे.

बाकीचे अण्णा शाबूत आहेत. कॅसेट उद्या पाठवते.

हे तेव्हाच करायला हवं होतं, दोन सेकंदांत. त्याबद्दल मी तिची माफी मागते. नाव न घेता.

अण्णांना माझा नमस्कार. राग अजून आहे.