पाळीखालचं घर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — सुमनला तर नाहीच. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं, म्हणून लिहिते. तोंडानं मला तेव्हाही बोलता आलं नव्हतं.

आधी पाळीचं सांगते. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझ्या सासऱ्यांनी — मामाजींनी — आपल्याच शेतातल्या नाल्यावर मातीची पाळ घातली. सरकारी भाषेत ते धरण. आत काळी माती, बाहेरून मुरूम, आणि प्रत्येक थरावर बैलजोड्या फिरवून दाबलेली. माझ्याही डोक्यावर टोपली होती. मामाजी ढेकूळ हातात चुरडून पाहत. "हे खडे कोणं आणले? पाणी काय आंधळं हाये?" पाळ भरली तेव्हा शेजाऱ्यांच्या विहिरीसुद्धा उन्हाळाभर आटल्या नाहीत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाळीच्या खाली, नाल्याच्या वळणावर, पळसाच्या झाडीआड सुमनचं घर होतं. नवरा, मुलं, म्हातारी सासू. सुमन आणि मी रोज सोबत धुणं धुवायचो. ती म्हणायची, "वैनी, तुमी बोलत नाई, म्हणून साबण जास्त घासता."

मग कुठेतरी कोणाची पाळ फुटली. सरकारी साहेब खाजगी पाळीही तपासू लागले. जेवताना मामाजी म्हणाले, "खाली घर असलं त पाळ धोक्याची ठरवतेत म्हणे. मंग उंची कमी कराले लावतीन." एवढंच. मी भाकर वाढत होते.

साहेब आले तेव्हा माणसं कापूस घेऊन आर्वीच्या बाजाराला गेलेली. शेतात मी एकटी.

"बाई, खाली कोणाचं घर आहे का?"

मी पदर ओढून घेतला. म्हणाले, "नाई जी."

का? सुमनच्या नवऱ्याचं आणि माझ्या नवऱ्याचं नाव एकच — ते मी आताही लिहीत नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ते नाव जिभेवर अडलं, असं मी किती वर्षं स्वतःला सांगत आले! पण 'सुमनचं घर आहे' असं म्हणता आलं नसतं? तिला तर मी रोज हाक मारत होते. खरं हे — मला ती पाळ हवी होती. पूर्ण उंचीची. साहेब 'धोका नाही' म्हणाले आणि वळणापर्यंत न जाताच परतले.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी पाणी पाळीच्या माथ्याला लागलं. मामाजी पावडं घेऊन धावले आणि आमच्या पऱ्हाटीच्या — कपाशीच्या — बाजूनं त्यांनी स्वतःच्या हातानं पाळ फोडली — लोंढा आमच्या शेतात जावा म्हणून. पीक गेलं. तरी माथ्यावरून सांडलेलं पाणी नाल्यात उतरलंच. सुमनच्या घराच्या भिंती बसल्या. नवरा कामावर गेलेला; मुलांना पुढे घालून, सासूला पाठीवर घेऊन ती कमरेभर पाण्यातून वर आली. म्हातारी पाठीवरून शिव्या देत होती आणि सुमन म्हणत होती, "द्या, जोरानं द्या! म्हंजे जित्या हाये हे समजते मले."

नंतर आमच्या ओसरीवर ती माझं लुगडं नेसून बसली होती. मामाजी चिखलानं भरलेले. म्हणाले, "साहेबाले हे घर दिसलं नाई काय? मी असतो त हात धरून नेलं असतं त्याले." मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, त्यानं तुले काई विचारलं होतं काय?"

जिच्यासाठी मी खोटं बोलले, ती पाळ त्यांची होती. आणि त्यांना ते खोटं नको होतं.

मी म्हणाले, "नाई."

मामाजींनी सुमनला उंचावर घरासाठी जागा दिली. पाळ पुन्हा बांधली, कमी उंचीची. आता ते नाहीत. सुमन आहे. पावसाचं बोलणं निघालं की साहेबाच्या नावानं बोटं मोडते — "मुडद्यानं जरा वाकून पाह्यलं असतं त काय झालं असतं, वैनी?"

मी तिच्यापुढे चहा ठेवते, आणि ऐकून घेते.