लग्नाची तारीख मीच देऊन टाकली

पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली की धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, प्रमुख धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा पाठवायचा, असा आमच्या चर्चचा नियम आहे. मीही पाठवला. ते पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात फक्त राजीनामा होता. चौथ्यात, माझी तब्येत ठणठणीत आहे, रक्तदाब नाही, साखर नाही, महिन्यातून दोनदा इंदापूरला जाऊन मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, करतो, अशी सगळी माहिती आली होती. बिशप काय ते समजतील, अशी माझी खात्री होती. आठ दिवसांत उत्तर आलं. राजीनामा आभारपूर्वक स्वीकारला होता, आणि माझी तब्येत चांगली असल्याबद्दल आनंद व्यक्त केला होता.

आता राहायचं कुठं? पुण्याला वृद्ध धर्मगुरूंसाठी घर आहे. तिथं डॉक्टर येतो, लिफ्ट आहे, जेवण वेळेवर मिळतं. पण माझं चर्च बारामतीत, आणि मला बारामती सोडायची नव्हती. माझा जन्म इंदापूरकडच्या वरकुट्याचा. गावात आमची चारच ख्रिस्ती घरं. आई-वडिलांना सही येत नव्हती. मिशनच्या वसतिगृहाने मला इंदापूरच्या शाळेत घातलं, पुढं कॉलेजात पाठवलं, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं. वडील ते पदवीचं प्रमाणपत्र येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, बऱ्याचदा उलटं धरून. ज्या मातीने एवढं दिलं तिथंच शेवट व्हावा, असं मला मनापासून वाटत होतं. अजूनही वाटतं.

मी इथं राहायचं की नाही, हा निर्णय बिशपांनी माझ्या जागी येणाऱ्या फादरांवर सोपवला. ते चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी मला चर्चमागची खोली दोन महिन्यांसाठी दिली.

"राहा फादर," ते म्हणाले. "दोन महिन्यांनी बघू. माझी अडचण एकच आहे. लोक माझ्याकडे यायला हवेत."

"येतील ना," मी म्हणालो. "मी मध्ये तोंड उघडायचाच नाही."

पन्नासएक वर्षं बोलण्याचंच काम केलेला माणूस हे वचन देत होता. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला असं काही दिसलं नाही.

पहिल्याच रविवारी मी साध्या सदऱ्यात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाकावर बसून पूर्ण मिस्सा ऐकण्याची मला सवयच उरली नव्हती. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, ते शेजाऱ्याकडे बघून करावं लागलं. त्यात नव्या फादरांनी वेदीजवळ हात पसरले आणि त्यांच्याआधी मीच मागून मोठ्याने म्हणालो, "प्रभू तुमच्याबरोबर असो." पुढच्या चार रांगा वळल्या आणि त्यांनी सवयीने मलाच उत्तर दिलं. नवे फादर हात पसरून तसेच उभे.

त्या बाकावर मला आणखी एक शोध लागला. डोक्यावरच्या पंख्याच्या खडखडाटात पुढचं प्रवचन अजिबात ऐकू येत नव्हतं. शेजारी भवानीनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले तात्या होते. मी त्यांना हळूच विचारलं, "तात्या, हा पंखा कधीपासून असा वाजतोय?"

"लई वर्सं झाली की."

"म्हणजे माझं प्रवचन तुम्हाला..."

"न्हाय येत ऐकू," तात्या शांतपणे म्हणाले. "पर तुमी बोलायचा लई चांगलं."

शनिवारची अख्खी दुपार मी प्रवचन तयार करण्यात घालवायचो. तीन दाखले काढायचो, त्यातला एक खोडायचो, पुन्हा घालायचो. हे सगळं पंख्याने ऐकलं होतं.

पण मिस्सेत मध्येच बोललो ती हसण्यासारखी चूक होती. दुसरी तशी नव्हती.

लोणी देवकरच्या एका आजींचा फोन आला. त्यांचा मुलगा तिथल्या कंपनीत कामाला आहे. नातीचं लग्न इंदापूरच्या मुलाशी ठरलं होतं.

"फादर, पुढच्या म्हैन्यातला दुसरा शनवार धरू का?"

मी म्हणायला हवं होतं, आजी, नव्या फादरांना विचारा. तोंडातून आलं, "धरा की. येत्या रविवारपासून नावं वाचू."

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये वाचतात. कुणाला त्या लग्नाला हरकत असेल तर त्याने पुढं येऊन सांगावं, यासाठी. फोन ठेवल्यावर मी खिशातली डायरी काढून तारीख लिहिली, खाली दोन रेघाही मारल्या. पाच मिनिटं मी पुन्हा धर्मग्रामाचा प्रमुख होतो, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

हे नव्या फादरांना सांगायला हवं होतं. विसरलो असतो तर निदान वयावर ढकलता आलं असतं. मी विसरलो नव्हतो. सोमवारी ते बँकेत गेले होते, मंगळवारी थकलेले दिसले, बुधवारी मला वाटलं उद्या सांगू. सांगितलं असतं तर तारीख मी दिली हे कळलं असतं, आणि खोलीचा विषय निघाला असता. असं करत शनिवार गेला.

रविवारी आजी नवऱ्या मुलाकडच्या पाच-सहा माणसांना घेऊन पुढच्या बाकावर येऊन बसल्या. नवी साडी, डोक्यावर पदर. मिस्सा संपता संपता सूचना झाल्या. चर्चची झाडलोट कुणाकडे, इंदापूरची मिस्सा कधी. मग नवे फादर म्हणाले, "आता प्रार्थना करू या."

आजी उठून उभ्या राहिल्या. "अवो, आमच्या पोरीचं नाव ऱ्हायलं की!"

"कुठल्या पोरीचं, आजी?"

"कुठल्या म्हंजे? लगीन हाय तिचं!"

लोक हसले. नवऱ्या मुलाकडचे हसले नाहीत. त्यांच्यातले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "कुणी हरकत घेतली का काय?" हे बोलणं मात्र पंख्याच्या आवाजातही सगळीकडे पोचलं. आजींचा चेहरा उतरला.

मी उठलो. लोकांची पापनिवेदनं मी बंद पडद्याआड ऐकली होती. माझं भर चर्चमध्ये झालं. "हरकत कुणाचीच नाही," मी म्हणालो. "तारीख मी दिली आणि फादरांना सांगितलंच नाही. मुलीची काही चूक नाही, तिच्या घरच्यांचीही नाही." मोठा आवाज काढून बोललो, कारण शेवटच्या बाकाचा मला अनुभव होता.

नव्या फादरांनी तिथंच नावं विचारून घेतली आणि वाचली. एका शब्दाने मला टोचलं नाही. मिस्सेनंतर त्यांनी ऑफिसात चहा ठेवला. "तारीख मोकळी आहे, लग्न होईल," ते म्हणाले. "पण फादर, पुढच्या वेळी?"

"पुढची वेळ येणार नाही."

आजी नातीचा बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. "यील की," त्या म्हणाल्या. "तुमी हितं असल्यावर आमी तुमालाच फोन लावणार. तुमचा नंबर पाठ हाय. ह्यांचा कोण पाठ करतंय?"



"मग मी काय करू, आजी?" मी विचारलं. थट्टेत विचारलं होतं. थोडी आशाही होती, की त्या म्हणतील, ऱ्हावा हितंच.

त्यांना थट्टा समजली नाही, किंवा फारच नीट समजली. "पुन्याला जावा," त्या म्हणाल्या. "आमाला रडू यील चार दिस. मंग यांचा बी नंबर पाठ हुईल. न्हायतर या बापड्यानं काय करावं?"

दोन महिन्यांतले तीन आठवडे शिल्लक होते. संध्याकाळी मी नव्या फादरांना सांगितलं की मी जातो. त्यांनी राहा म्हटलं नाही, मला ते आवडलं नाही, आणि ते बरोबर होतं.

"निदान हे लग्न तरी लावून जा," ते म्हणाले. "प्रवचन तुम्ही करा."

प्रवचन माझ्या डोक्यात आदल्या आठवड्यापासूनच तयार होतं, दाखल्यांसकट. तरी नाही म्हणालो. पुढच्या रविवारी बाकावर बसून नावं ऐकली, आणि मंगळवारी सकाळी बारामतीच्या स्टँडवरून पुण्याची एसटी धरली.

गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच फोन वाजला. लोणी देवकरच्या आजी.

"फादर, पोरीला चर्चात किती वाजता आणायची?"

मला माहीत होतं. अशा लग्नाला दहा वाजता आणायचं, म्हणजे साडेदहाला सुरू होतं. "नंबर सांगतो, लिहून घ्या," मी म्हणालो आणि नव्या फादरांचा नंबर सांगितला, सावकाश, दोनदा.

"तुमीच इचारा की त्यास्नी."

"नाही आजी. तुम्हीच लावा."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नंबर लागला नाही तर त्या पुन्हा मलाच फोन करणार, म्हणून मी तो हातात धरून बसलो. मोरगाव आलं तरी फोन आला नव्हता. लागला असणार. शेजारच्या प्रवाशाने दोनदा विचारलं, "कुनाची वाट बघताय का?" मग मी तो खिशात ठेवला.