मातीची अंगठी

अंबडच्या आठवडी बाजारात एक बाई ओल्या पोत्यावर गवताची ठोंबं मांडून बसायची. कुणी पैसे पुढं केले, तरी ती आधी शेतातली माती मागायची. बाटलीतलं पाणी शिंपडून ती माती मळायची, तिची वात वळायची आणि करंगळीत अंगठीसारखी घालून बघायची. अंगठी टिकली तर माती भारी, तिला मारवेल गवत; मोडली तर माती हलकी, तिला अंजन गवत.

माझ्या टेकाडावरचं हत्तीगवत एकदा सगळं वाळून गेलं, म्हणून पुढच्या वर्षी मीही रुमालात माती बांधून तिच्याकडं गेलो. अंगठी अशी झकास झाली, की मीच खूश! बाईनं मात्र मातीतून पुदिन्याचं बारीक मूळ चिमटीत धरून वर काढलं.

"भाऊ, ही तर इहिरीजवळची दिसून राह्यली. गवत कुठं लावायचंय?"

"टेकाडावर," मी पुटपुटलो. तिथला मुरूम चारचौघांत दाखवायची मला लाज वाटली होती.

"मंग दवाखान्यात गेल्यावर दुखता पाय सोडून चांगला दाखवता का?"

शेजारचा कांदेवाला फिदीफिदी हसला. मी तणतणत घरी गेलो आणि पुढच्या बाजारी मुकाट मुरूम घेऊन आलो. अंगठी वळता वळताच मोडली. "आता बराबर," म्हणत तिनं अंजनाची ठोंबं माझ्या हातात दिली.

टेकाडावर आता गुडघाभर अंजन आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिकडंच नेतो. वाटेत विहीर लागते, तिथली काळी माती त्यांना दिसतेच म्हणा!