पारूबाईंच्या वकीलबाई

वारस दाखल्याच्या कामासाठी मी तालुक्याच्या कोर्टात गेले होते. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी साठीच्या पारूबाई बसल्या होत्या. नवरा गेल्यावर दिरानं त्यांना घराबाहेर काढलं होतं. वकील करायची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टातल्या मोफत मदत केंद्रानं त्यांना एक तरुण वकीलबाई दिल्या होत्या.

सुनावणी आटोपून वकीलबाई बाहेर आल्या. पुढच्या कामाची घाई होती, तरी त्या पारूबाईंजवळ टेकल्या.

"मावशी, निकालाला वेळ लागेल. पण तोवर तुम्हाला घरात राहू द्यायचं, कुणी काढायचं नाही, असा हुकूम झालाय. आजच घरी जायचं."

"दीर आत घेईल?"

"त्यांनी घ्यायचा प्रश्नच नाही. घर तुमचंही आहे. अडवलं तर मला फोन करा, मी येते."

पारूबाई तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आणि वकीलबाई दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगत राहिल्या. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. हक्क तर पारूबाईंना आधीपासूनच होता. पण शेजारी बसून, त्यांना कळेल अशा शब्दांत तो सांगणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. किती जणांचे हक्क असे नुसते पुस्तकात पडून असतील!

पारूबाई उठल्या, पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "मग रात्री आतून कडी लावली तर चालंल ना?"

"खुशाल लावा, मावशी."

त्या हसल्या आणि भराभरा एसटी स्टँडकडे निघाल्या.