वकिलाशी तडजोड केलेला शब्द

“गॅलिव्हँटिंगला ‘बाहेरख्याली’ लिहा,” माझा कच्चा मसुदा टेबलावर टाकत वकील म्हणाले.

“साहेब, तसा अर्थ नाही त्याचा.”

“मग काय, देवदर्शन?”

संगमनेरला कोर्टाबाहेर मी प्रमाणित अनुवाद करतो. म्हणजे इंग्रजी कागदाचं मराठी करून खाली सही-शिक्का मारतो. शिक्क्याआधी मसुदा काम आणणाऱ्या वकिलाला दाखवायचा, ही आमची पद्धत. त्यात मला कधी गैर वाटलं नव्हतं.

केस सहा वर्षांच्या एका मुलीच्या ताब्याची होती. वडील वारलेले, आई पुण्यात आयटीत. संगमनेरच्या आजी-आजोबांना नात आपल्याकडे हवी होती. वकील त्यांचे. आईचे मैत्रिणीला पाठवलेले मेसेज त्यांच्या हाती लागले होते. नवरा गेल्यावर वर्षाने ती पहिल्यांदा ऑफिसच्या बायकांबरोबर जेवायला गेली होती. तिनं लिहिलं होतं, ‘वुई पेंटेड द टाउन रेड.’ म्हणजे बाहेर पडून मनसोक्त मजा केली. पुढे स्वतःचीच थट्टा: ‘गॅलिव्हँटिंग ॲट माय एज!’ म्हणजे या वयात मजेसाठी इकडेतिकडे भटकणं. इंग्रजीत हे हसत म्हणतात. मी ‘मजेत फिरणे’ लिहिलं होतं.

“लई मऊ झालं,” वकील म्हणाले.

मी पाथर्डीच्या बाजारात आईशेजारी भाजी विकत मोठा झालो. घासाघिशीत मला कोणी हरवत नाही. अर्धा तास भांडलो, टेबलावर हात आपटला. शेवटी ते म्हणाले, “बरं, ‘उंडारणे’ लिहा. तुमचंही राहिलं, माझंही.”

मला वाटलं, जिंकलो. शिक्का मारला.

तात्पुरता आदेश निघाला. त्यात तो शब्द जसाच्या तसा होता. मुलगी आजी-आजोबांकडे, आईला महिन्यातून दोन रविवार भेट.

आठवड्याने मुलीची आई माझ्या ऑफिसात आली. आदेश पुढ्यात ठेवला.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“वकिलांना याहून वाईट शब्द हवा होता, ताई. मी भांडलो त्यांच्याशी.”

“म्हणजे बरोबर शब्द तुम्हाला माहीत होता.”

ती गेली. मी तणतणत वकिलांकडे गेलो, नाही नाही ते बोललो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “शिक्का माझा हाय का तुमचा?”

मी दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र दिलं. न्यायाधीशांनी विचारलं, “तेव्हाच का नाही लिहिलंत?” घडलं ते सगळं सांगितलं. पुढची तारीख मिळाली, मग त्याच्या पुढची. तोवर मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलं गेलं. आता ती इथे रुळली आहे, असा नवा मुद्दा वकिलांनी मांडला आहे. मला काम देणं त्यांनी बंद केलं आणि इतर वकिलांनाही बंद करायला लावलं. तो राग मी विसरणार नाही.

पण मसुदा आता शिक्क्याआधी कोणालाच दाखवत नाही. मेथीची जुडी घासाघीस करून मधल्या दराने विकली तरी मेथीच राहते. अर्थाचं तसं होत नाही.