नाव बुजवायच्या आधी

जुन्या देवळाच्या खांबावर खिळ्यानं बदाम कोरणारा एखादा दिवटा मला सापडला असता, तर त्याच खिळ्यानं मी त्याच्या पाठीवर बदाम काढला असता. हे मी चारचौघांत बोलते आणि लोक हसतात. हसोत बापडे! माझा जन्म गेलाय शिलालेखांचे ठसे घेण्यात. अमरावतीहून एसटीनं निघायचं, अकोल्याकडच्या एखाद्या गावाबाहेरचं पडकं देऊळ गाठायचं, ओला कागद ब्रशनं ठोकून दगडावर बसवायचा आणि वरून शाई थोपटायची. खोदलेली अक्षरं कागदावर पांढरी उठतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारीसुद्धा.

मागच्या हिवाळ्यात असाच एक खांब हाती घेतला. मधोमध कुणाच्या तरी दानाचा जुना लेख, आणि भोवताली आजकालच्या पोरांची नावंच नावं. लेखाचा ठसा झाला की गवंडी चुना नि दगडाची भुकटी भरून ही नावं बुजवणार होता. मी खुशीत होते.

तेवढ्यात एक बाई आली. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवलेला, वावरातल्या तुरी सोंगून, म्हणजे कापून आलेली. "जय भीम म्याडम," म्हणाली. मीही जय भीम केला. तिनं लेखाखालच्या एका नावावर हात ठेवला.

"हे नका बुजवू जी. माह्या पोराचं हाय."

पोरगा कॉलेजात असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. "त्याच्या हातचं एवढंच रायलं. वावरात जाता-येता हात लावून जातो मी."

मी नियम सांगितला. ती ऐकून घेईना.

"थे हजार वर्साचं ठेवता, अन् माह्या पोराचं काहून नाही?"

घ्या! म्हटलं, "ताई, दगडावर नाही ठेवता येणार. पण ठसा काढून देते, घरी न्या."

ती कबूल झाली, पण नाखुशीनं. कागद वाळेपर्यंत खांबाजवळून हलली नाही. मी तो सोडवून तिच्यापुढे धरला. तिनं बोट फिरवत पोराचं नाव वाचलं. बोट खाली सरकलं आणि थांबलं. तिथं आणखी एक नाव उठलं होतं, बारीक, हलक्या हातानं ओरखडलेलं. मुलीचं. अक्षर वेगळं होतं, म्हणजे तिचं तिनंच लिहिलेलं.

"अगं माय!" म्हणत ती खालीच बसली. "पाटलाची लेक हाय हे. मले सांगलं नाही रे बाप्पा कधी." डोळे वाहत होते आणि ती हसतही होती.

मग म्हणाली, "पोरगा गेला तवा आली होती थे आमच्या दारी. पाणी देलं, त पेली नाही. मले वाटलं, मोठ्या घरची, आमच्या घरचं कशी पेईन? मनात राग धरून होतो म्या आतालोक." पदरानं तोंड पुसलं. "घोट उतरला नसन तिच्या गळ्याखाली."

तिच्याकडूनच कळलं, मुलीचं लग्न होऊन दोन लेकरं होती, माहेरी येणंजाणं याच वाटेनं. कागदावर एकदा पाहिल्यावर ते नाव आता दगडावरही दिसायला लागलं होतं. तिनं ठशाची घडी केली, दोन्ही नावं आत घालून.

"कोणी वाचलं म्हंजे? संसार हाय तिचा. बुजवा."

माझा नियम गेला चुलीत. म्हटलं, "तिचं बुजवू. तुमच्या पोराचं राहू दे, मी बघते कोण विचारतं ते."

तिनं मान हलवली. "नको जी. आता एकट्याले काहून ठेवता?"

गवंड्याच्या घमेल्यातला चुना तिनं बोटावर घेतला. पहिल्यांदा मुलीचं नाव भरलं, मग पोराचं.