एक नग गाढव

माझ्या कपाटात, फ्लॅटच्या करारनाम्याच्या फायलीत, एक झेरॉक्स आहे. वर पोलीस ठाण्याचा गोल शिक्का, खाली माझी सही आणि मध्ये हा मजकूर: ‘एक नग गाढव, मादी, रंग राखाडी, पाठीवर हाताच्या पंजाएवढी ओली जखम, मागच्या उजव्या पायाने लंगडते. सदर मुद्देमाल मी सुपूर्तनाम्यावर ताब्यात घेत असून, मागणी होताच आहे त्या स्थितीत हजर करीन.’

आख्खी नोकरी मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली. समोर बसलेल्या माणसाला रोज सांगायचे, सही करण्याआधी वाचा हो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ‘आहे त्या स्थितीत’ हे तीन शब्द न वाचता सही ठोकली. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

घाटकोपरला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी टेकडीकडे उघडते. टेकडीवर घरांना घरं चिकटलेली आहेत आणि तिथे सतत कुणाचा तरी मजला चढत असतो. वर टेम्पो जात नाही, म्हणून वाळू, विटा, खडी सगळं गाढवांवरून जातं. कुकर लावताना, भाजी चिरताना मी कितीतरी वर्षं ती रांग पाहत होते. पाहत होते म्हणजे नजरेसमोरून जात होती, एवढंच.

एका सकाळी रांगेतलं शेवटचं गाढव थांबलं. पाठीवर वाळूच्या दोन गोण्या, गोण्यांच्या मध्ये लालभडक काहीतरी. मागचा पाय ती टेकवतच नव्हती. मालकाने काठी उचलली आणि नेमकी त्या लाल जागेवर मारली. चुकून नाही. तिथे मारलं की ती चालते, हे त्याला माहीत होतं. ती चालली. दुसऱ्या दिवशीही तिथेच मारलं. तिसऱ्या दिवशी मी गॅस बंद केला आणि गाऊनवर ओढणी टाकून खाली उतरले.

मालक काटकुळा होता, डोक्यावर स्वतःही एक गोणी घेतलेली. मी ओरडले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मावशी, मग तुम्ही उचला. संध्याकाळपर्यंत वाळू वर गेली पाहिजे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण उत्तर नाही म्हणून जखमेवर काठी मारायची, हेही मला पटेना. मी पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्यात एक हवालदार होते. मिशा पिकलेल्या, बोलणं गोड, हलणं मात्र नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा विचारला आणि म्हणाले, “मॅडम, गाढव कुठंय?”

“टेकडीवर. काम करतंय.”

“मग जखम कशी बघणार? बरं, वजन केलंत का?”

“कसलं?”

“गोण्यांचं. कायद्यात लिहिलंय ना, गाढवावर किती किलो चढवायचं ते. वजन केल्याशिवाय जास्त झालं असं म्हणणार कसं?”

म्हणजे मी चढावर वजनकाटा घेऊन उभं राहायचं, गाढवाला म्हणायचं, थांब गं जरा. मी त्यांना फोटो दाखवले. ते म्हणाले, फोटोत सगळीच गाढवं सारखी दिसतात. अशा माझ्या चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला त्यांनी माझा अर्ज ‘आवक’मध्ये घेतला, तोही मी हलत नाही हे बघून.

मग आमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बाया-बाप्यांच्या सह्या घेऊन मी थेट वरच्या साहेबांना पत्र लिहिलं: अमुक ठाणे मुक्या जनावरावरच्या अत्याचाराची दखल घेत नाही, तरी या ठाण्याच्या कारभारात आपण लक्ष घालावं. पोच मिळाली तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, वर कुणीतरी आहे.

पंधरा दिवसांनी फोन आला. तेच गोड बोलणं. “मॅडम, तुम्ही आमच्याविरुद्ध तक्रार केलीत ना वर? ती ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ म्हणून खाली आलीय. माझ्याचकडे. उद्या जबाब द्यायला येता का?”

मी गेले. हवालदारांच्या निष्काळजीपणाबद्दलचा माझा जबाब हवालदारांनी स्वतः, सुंदर अक्षरात, लिहून घेतला. मध्ये एकदा मला विचारलंसुद्धा, “निष्काळजीपणा लिहू की दिरंगाई?” मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पण वरून कागद आला होता आणि आलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे त्याच दुपारी ते दोन पंच घेऊन टेकडीवर चढले, पंचनामा केला, गुन्हा नोंदवला आणि गाढवीण जप्त केली. एका जनावरासाठी जे झालं नसतं ते एका जावक क्रमांकासाठी झालं.

जप्त झाली म्हणजे सुटली, असं मला वाटलं होतं. ती ठाण्याच्या आवारात जप्त झालेल्या स्कूटरींच्या रांगेत बांधलेली होती. तिच्याही गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी अडकवलेली, गुन्ह्याचा नंबर लिहिलेली. माशा घोंगावत होत्या. प्राण्यांच्या संस्थांना फोन केले तर एक म्हणाली जागा नाही, दुसरी म्हणाली आम्ही फक्त कुत्री घेतो. तिसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, “ताई, चिठ्ठी तिनं खाल्ली. ही इथं मरेल आणि मग माझा मुद्देमाल मेला म्हणून मला वर उत्तर द्यावं लागेल. तुम्ही तक्रारदार, तुम्हीच न्या. सुपूर्तनामा करून देतो.”

‘मॅडम’ची ‘ताई’ झाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी सही केली.

आमचे हे मूळचे मालवणचे. एरवी शुद्ध बोलतात, पण फार चिडले किंवा फार हळवे झाले की गावची भाषा तोंडात येते. “गाढव ताब्यात घेतलंस? माका इचारलंस तरी गो? आता ह्यां खंय बांधतलंस, गॅलरीत?”

शेवटी सोसायटीच्या मागे, टेकडीच्या भिंतीला लागून जे मोडकं बॅडमिंटन कोर्ट आहे, तिथे बांधलं. सेक्रेटरी नियमावली घेऊन आले. पाळीव प्राणी या कलमात गाढव येतं का, यावर सभा घ्यावी लागेल म्हणाले. मी त्यांच्यापुढे शिक्क्याचा कागद धरला. “हे गाढव नाही, पोलिसांचा मुद्देमाल आहे. हलवायचं तर ठाण्यातून लेखी आणा.” ते परत गेले. पोलिसांचा कागद माझ्या बाजूने उपयोगी पडल्याची ती पहिली वेळ. तिचं नाव आम्ही ठेवलं नाही, कारण हवालदारांनी बजावलं होतं की मुद्देमालाला नाव ठेवायचं नसतं, नंबर असतो. सोसायटीने मात्र आम्हाला भरपूर नावं ठेवली.

जनावरांचे डॉक्टर दर रविवारी यायचे. खूर वाढून वाकडे झाले होते, ते कापताना पाय धरायला माणूस हवा होता. यांची कंबर दुखते, म्हणून मी धरले. ‘अडला हरी’ ही म्हण मी जन्मभर वापरली, पण इतकी शब्दशः कधी नाही. जखम धुवायची, मलम लावायचं, माशा बसू नयेत म्हणून वर मऊ कापड टाकायचं. कापडासाठी यांचं एक जुनं धोतर फाडलं. पुढे पुढे तर मंडईतून कोबीची पानं आणि गाजरांचा पाला आणायला हेच जायला लागले. मी पोलीस आणि डॉक्टर बघायचे, हे तिच्याशी बोलायचे, मालवणीत. दोघांत कोण जास्त ऐकून घेत होतं, देव जाणे.

सहा महिन्यांत जखम भरली, तिथे पांढरे केस आले. अंग भरलं. पाय सरळ पडायला लागला. एकदा तर तिने कोर्टभर उड्या मारल्या आणि जाळीचा उरलेला खांब पाडला. सेक्रेटरींनी त्याबद्दल नोटीस दिली. मी ती आनंदाने फायलीला लावली.

आणि मग हवालदार आले. हातात पंचनामा, सोबत एक शिपाई. मालकाने कोर्टात सांगितलं होतं की माझं जनावर बाईंकडे नाहीच, ते कुठे गेलं मला माहीत नाही. म्हणून पडताळणी. हवालदारांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, कागद पाहिला, पुन्हा चक्कर मारली.

“मुद्देमाल जुळत नाही, मॅडम.”

मी पुन्हा मॅडम झाले होते. “म्हणजे?”

“ओली जखम, नाही. बरगड्या दिसतात, दिसत नाहीत. लंगडते, लंगडत नाही. हे दुसरंच गाढव आहे.”

“अहो, बरी झाली ती! औषधपाणी केलं आम्ही!”

“पण लिहून काय दिलंत? आहे त्या स्थितीत.”

“म्हणजे जखम ओली ठेवायची होती मी? रोज उठून काठी मारायची होती?”

“तसं कुठं म्हणतोय मी.”

“पंचनामा तुम्हीच लिहिलात ना? तुमच्या डोळ्यांनी बघितलंत ना तिला? ओळखत नाही तुम्ही?”

“मी ओळखून काय होतंय? कागदानं ओळखलं पाहिजे.” मग ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसलं, “ताई, जुळलं नाही तर केस फाइल होणार, म्हणजे बंद. मूळ गाढव गहाळ म्हणून तुमच्यावर कागद निघणार. आणि हे बेवारस, म्हणून कोंडवाड्यात. तिथं दावेदार आला नाही की लिलाव.”

लिलावात गाढव कोण घेणार? ज्याला वाळू वर न्यायची आहे तो. दुसरं कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी, इथवर मी सहन केलं असतं, संन्यासी मी होते. पण तिला परत त्या चढावर पाठवायचं, आणि तेही ती बरी झाली या गुन्ह्यासाठी? मी संतापले. डॉक्टरांची बिलं, रविवारचे फोटो, सगळं त्यांच्यापुढे आपटलं. ते म्हणाले, फोटोत सगळीच गाढवं सारखी दिसतात.

त्या दिवसांत आमच्या गच्चीच्या गळतीचं काम चालू होतं. वाळूचा ढीग सेक्रेटरींनी आदल्याच दिवशी कोर्टाशेजारी टाकून घेतला होता. आम्ही भांडत असताना गवंड्याने एक गोणी भरली, तोंड बांधलं आणि जमिनीवर धप्पकन आपटली.

तिने गाजराचा पाला तोंडातून टाकला. दोर सैल होता. ती स्वतःहून चालत ढिगापाशी गेली आणि गवंड्याला पाठ आडवी देऊन उभी राहिली. पाठीवर जिथे पांढरे केस आले होते तिथली कातडी थरथरत होती. कुणी तिला हात लावला नव्हता, कुणाच्या हातात काठी नव्हती. गवंडी गोणी खांद्यावर घेऊन चालू लागला, तशी ती त्याच्या मागोमाग निघाली. लंगडत. मागचा उजवा पाय न टेकवता.

हवालदारांनी पेन काढलं. “मागच्या उजव्या पायाने लंगडते,” ते मोठ्याने वाचत म्हणाले आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. “अंगावर जखमेची खूण, आहे. जुळलं, ताई! तीच आहे ही!”

“जुळलं ना?” मी ओरडले, आणि टाळी वाजवली. खरंच वाजवली. त्या टाळीची मला आजही लाज वाटते.

हे तिच्यामागे गेले होते. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, “टाळ्यो कसल्यो वाजवतंस गो? बरी खंय झाली ती?”

हवालदारांनी नवा कागद केला. ‘स्थिती पंचनाम्याप्रमाणे.’ मी या वेळी प्रत्येक शब्द वाचला आणि सही केली, कारण सही केली तरच ती आमच्याकडे राहणार होती. केसचा निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात, ती कोबी खाते.

हवालदार गेल्यावर मी गवंड्याला सांगून सगळी वाळू पुढच्या गेटपाशी हलवायला लावली. तासाभरात सेक्रेटरी आले. ढीग परस्पर का हलवला, कारण लेखी द्या म्हणाले. मी तिथेच, त्यांच्याच पेनने, लिहून दिलं: गाढवाला दिसतो म्हणून.